कपाळ ओलं हाय, दुसऱ्या खेपेला या

अक्का, तुमी गेल्यावर आपल्या घाटावर पहिल्यांदा कुणीतरी दारूचं नाव मोठ्यानं घेतलं. ते मी घेतलं. तेही तुमच्या मुलाबद्दल, सगळ्या समाजासमोर, आणि तुमी नावेत, अंत्ययात्रेच्या विमानात बसलेल्या असताना.

आता ते कसं झालं ते सगळं सांगते. तुमाला ऐकून घ्यावंच लागेल, कारण दूध उतू चाललंय म्हणून मधेच उठून जायची तुमची सोय आता राहिली नाही. माझं बोलणं तुमी आयुष्यभर असंच अर्ध्यावर तोडलंत. जावाजावांची भांडणं चुलीवरून होतात, लुगड्यांवरून होतात, पोरांवरून होतात. आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं आणि ते मिटायच्या आत तुमी निघून गेलात. सकाळी चहाला हाक मारली तर उठलाच नाहीत. थोरली जाऊ असून असं वागणं बरं दिसतं का?

पाहुणे आज पांगले. आलेली प्रत्येक बाई मला विचारून गेली की दुकानदाराच्या घरात नाव कुठून आली. मी तरी किती जणींना सांगू. गोदागंगेवर बंधारा झाला, पाणी तुंबलं, आणि जिथून बैलगाड्या उतरून पलीकडं जायच्या तिथं बांबू टेकेना. पलीकडं आपलं शेत, शेताच्या कडेला आपल्या घराण्याच्या समाध्या, आणि जरा पुढं महादेवाचं देऊळ. रस्त्यानं जायचं तर गंगाखेडच्या पुलावरून लांबचा फेरा. म्हणून सासऱ्यांनी नाव करून घेतली आणि सगळ्या गावाला वापरायला दिली. त्या नावेनंच पुढं घरावर संकट आणलं.

नाव उलटली तेव्हा मी झरीला माहेरी होते, बाळंतपणाला. श्रावणी सोमवार होता. तुमी सगळे देवळात जाऊन परत यायला निघालात. नावाडी तापानं पडलेला, म्हणून भाऊजींनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, वल्हं हातात घेतलं. त्याआधी ते देवळामागं दोस्तांबरोबर बसून आले होते. आता आपल्या लिंगायत घरात कुणी दारू पीत नाही. म्हणजे पितात, पण पीत नाहीत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, त्या माणसाच्या तोंडाला वास यायलाय असं म्हणायचं कुणी? नावेतल्या प्रत्येकाला वास आला होता. म्हाताऱ्यांना आला, बायकांना आला. सगळे पदर आणि उपरणी नाकाला लावून शिव शिव करत बसले. मधल्या धारेत भाऊजींना मस्ती सुचली. नाव डोलवून दाखवायला लागले. बायका घाबरून एका अंगाला सरकल्या आणि नाव त्याच अंगावर गेली. बाकीचे कसेबसे निघाले, भाऊजी निघाले नाहीत. देवळात तेल ओतून रिकामा झालेला डबा तुमच्या हातात होता, त्याला धरून तुमी तरंगत राहिलात.

नंतर पोलीस आले, पंचनामा झाला. सगळ्यांनी एकच सांगितलं, पाण्याला ओढ होती. तुमीही तेच सांगितलं.

ती नाव फोडून चुलीत घाला असं घरातले म्हणत होते. माझा नवरा तर कुऱ्हाड घेऊन निघाला होता. तुमी त्याला एवढंच म्हणालात, "नावंनं काय केलंय?" आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड घेऊन कोपऱ्यात उभी केली. घरात नवरा गेलेली बाई, पदरी लहान पोर, आणि तुमी दुकानातले गोड्या तेलाचे रिकामे कॅन गोळा करायला बसलात. झाकण घट्ट लावायचं, मुठीला दोरीचा फासा बांधायचा, आणि नावेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या काखेत एक द्यायचा. गावातली पोरं हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. लग्नाला निघालेली माणसं काखेत तेलाचा कॅन घेऊन बसलेली बघितल्यावर कुणाला हसू येणार नाही?

मग तुमचे नियम सुरू झाले. नावेत कुणी उभं राहायचं नाही. फोटो काढायला एका बाजूला जायचं नाही. वारं सुटलं की खेप बंद, मग पलीकडं कुणाची बायको बाळंत होऊ दे नाहीतर कुणाची म्हैस. आणि सगळ्यांत मोठा नियम तो विभूतीचा.

घाटावरच्या दगडावर तुमी बसायच्या. मांडीवर विभूतीचा गोळा, बाजूला पाण्याची वाटी. चढणाऱ्या प्रत्येक पुरुषानं खाली वाकायचं, तुमी तीन बोटं ओली करून त्याच्या कपाळावर विभूती ओढायच्या, आणि ओढता ओढता त्याचा श्वास घ्यायच्या. ज्याला वास यायचा त्याच्या कपाळावरून हात काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कपाळ ओलं हाय, विभूती धरंना. दुसऱ्या खेपेला या." भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, धूळ उडणाऱ्या कपाळाला तुमी ओलं म्हणायच्या. तो माणूस गुपचूप लिंबाखाली जाऊन बसायचा. उतरेपर्यंत बसायचा. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं, कारण त्याचं काही चुकलेलंच नव्हतं, कपाळ तेवढं ओलं होतं. गुरांचे मुसलमान व्यापारी यायचे त्यांना विभूती कशी लावणार? तर तुमी त्यांना जवळ बोलावून घरच्यांची खुशाली विचारायच्या. अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन. त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. एकजण तर येताच फुंकर मारून म्हणायचा, "लो अक्का, सब खैरियत हाय." तुमाला हसू आवरायचं नाही.

राणीसावरगावच्या त्या वऱ्हाडाची गोष्ट आठवते ना? नवरदेव फेटा बांधून, वर लाइफ जॅकेट चढवून बसला होता. तोवर कॅन जाऊन खरी जॅकेटं आली होती. नवरदेवाच्या मामाचं कपाळ ओलं निघालं. मामाशिवाय लग्न लागायचं कसं? मामानं उपरण्यानं कपाळ खसाखसा पुसलं आणि पुन्हा वाकला. तुमी पुन्हा बोट टेकवलंत, "अजून ओलंच हाय की वो." तो परत पुसून आला. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. वरबाप तुमच्यावर चालून आला, मुहूर्त टळंल म्हणाला. तुमी शांतपणे म्हणालात, "टळू द्या. नवरदेव हाय तवर मुहूर्त रगड सापडत्येत." मामा मोटरसायकलवर मागं बसून पुलावरून फिरून गेला. लग्न उशिरा लागलं, पण लागलं. पुढं कुठंही भेटला की तो माणूस आधी कपाळ पुढं करायचा, "बघा अक्का, वाळलंय." एका माणसाला नावेतून उतरवून त्याला जन्माचा सोयरा करून घ्यायचं, हे तुमालाच जमायचं. मला सात जन्मांत जमणार नाही, माझी जीभ माझ्या आधी दारातून बाहेर पडते.

त्याच दिवशी दुकानात डाळ निवडताना आपलं वाजलं. मी म्हणाले, "अक्का, त्या मामाला सरळ का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू?"

"की तुमी पिऊन आलाव म्हणून."

"नंदा, मला त्याला नावंतून उतरवायचं होतं. गावातून न्हाई."

"पण सगळ्यांनी असं झाकायचंच म्हणल्यावर ते पिणं कदी थांबणार? त्या दिवशी भाऊजींना कुणी तोंडावर म्हणलं असतं तर..."

"तू नव्हतीस नावंत."

आणि तुमी दूध बघायला गेलात. चुलीवर दूध नव्हतंच. मी मागून येऊन बघितलं तर तुमी रिकाम्या ओट्यासमोर उभ्या होत्या.

किती वेळा झालं असेल हे भांडण, आणि दर वेळी त्याच वाक्याला येऊन थांबायचं. तू नव्हतीस नावेत. मला लय राग यायचा. नव्हते म्हणून काय बोलूही नये? मला वाटायचं, अक्का विभूतीच्या आडून लोकांचे जीव वाचवतात आणि त्याच विभूतीच्या आडून लोकांची दारू झाकतात. मला हे आजही वाटतं. पण एक गोष्ट मी कधी विचारली नाही, रागाच्या भरातही नाही. त्या सोमवारी तुमी भाऊजींच्या पायाशी बसला होता. वास सगळ्यांत आधी तुमाला आला असणार. तुमाला बोलावंसं वाटलं होतं का, अक्का? शब्द कुठपर्यंत आला होता? हे विचारलं असतं तर तुमी परत त्या नसलेल्या दुधाकडं गेला असता आणि मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. म्हणून नाही विचारलं.

आता परवाचं सांगते.

तुमाला नेऊन पलीकडं भाऊजींच्या शेजारी बसवायचं होतं. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. तुमाला विमानात मांडी घालून बसवलं, नवं लुगडं, गळ्यात बेलाची माळ, आणि नेहमीसारख्या तुमी नावेत पुढच्या अंगाला, तोंड पाण्याकडं करून. दत्तू नावाड्यानं विमानाला दोन्ही बाजूंनी दोन तेलाचे कॅन बांधले होते. कुणीतरी म्हणालं, आता कशाला? तो म्हणाला, "अक्का जॅकेट घालणार न्हाईत, म्हणून." आणि तोंड फिरवून वल्ही बघायला लागला.

मग त्यानं विभूतीचा गोळा माझ्या हातात आणून दिला. "धाकट्या अक्का, आता तुमी." मी तुमच्या दगडावर बसले. तो दगड इतका तापतो हे तुमी कधी सांगितलं नव्हतं. एकेक माणूस वाकत होता, मी बोटं ओढत होते, माणसं जॅकेटं घालून नावेत बसत होती. आणि मग तुमचा लेक बसू आला.

बसू पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आला होता. तुमचा बसू पीत नाही, हे मी शपथेवर सांगते. पण आई गेल्याचं कळल्यावर सोबतच्या दोस्तांनी वाटेत त्याला दिली असणार, थोडी घे, धीर येईल म्हणून. तो वाकला आणि वास आला. माझा हात त्याच्या कपाळाजवळ तसाच राहिला.

अक्का, आता मी नावेत होते.

शब्द कुठपर्यंत येतो ते तिथं समजलं. चाळीस वर्षांचा मुलगा, आईला माती द्यायला आलेला, डोळे सुजलेले, आणि त्याला मी काय म्हणणार? समाजाची सगळी माणसं बघत होती, विधी करायला आलेले स्वामी बघत होते. मला कळलं की त्या सोमवारी नावेतली माणसं भित्री नव्हती. त्यांना त्या माणसाची माया होती, आणि मायेनंच त्यांची तोंडं शिवून टाकली. तुमी एवढी वर्षं माझं ऐकून घेत होता आणि एकदाही म्हणाला नाहीत की बाई, तुला काय कळतंय. नुसतं म्हणायच्या, तू नव्हतीस.

मी तुमचंच वाक्य काढलं. म्हणाले, "बसू, कपाळ ओलं हाय बाळा. दुसऱ्या खेपेला ये."

शंकरअप्पा बाजूलाच उभे होते, समाजातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी आपल्या उपरण्यानं बसूचं कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "घे, वाळलं. रडून आलंय पोरगं, घाम हाय तो. लाव विभूती." कपाळ खरंच घामानं ओलं होतं. सगळे हो हो म्हणाले. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आजच्या दिवशी कपाळ म्हणजे नुसतं कपाळ. तुमचं ते वाक्य एवढी वर्षं चाललं कारण समोरचा माणूस ते मानून घ्यायचा. त्या दिवशी कुणाला मानायचं नव्हतं. बसूनं एक पाय नावेत टाकला. नाव हलली आणि तुमचं डोकं एका बाजूला कललं.

मी उठले. "अप्पा, कपाळाचं न्हाई. बसू दारू पिऊन आलाय. तो नावंत बसणार न्हाई."

मग शंकरअप्पा म्हणाले, "आजच्या दिवशी? त्याच्या आईच्या समोर?"

"त्याच्या आईच्या समोरच."

बसू माझ्याकडं वळला. मला वाटलं आता शिवी देईल. तो एवढंच म्हणाला, "काकू, आई जायलीय."

मी त्याचा दंड धरला. "जायलीय, आन् तुला पोचायला पायजे. तू रस्त्यानं ये. तू आल्याबिगर मी माती पडू देणार न्हाई. माझ्यावर माती टाका म्हणंन."

तो हलेना. एक पाय नावेत, एक पाय घाटावर. मला वाटलं हरले मी, आता कुणीतरी मला बाजूला करील आणि नाव निघेल. तेवढ्यात शंकरअप्पांनी हातातलं जॅकेट खाली ठेवलं. त्यांची पाळी अजून यायची होती. खालच्या मानेनं म्हणाले, "मी बी येतो रस्त्यानं. मी बी घेतलीय सकाळी, जराशी. ऐकल्यापासून हातपाय कापायलेत." धोतराचा सोगा सावरत त्यांनी बसूचा हात धरला. "चल लेकरा, आपुन दोघं जाऊ."

आणि मग नाव पुन्हा हलली. ज्यांना मी विभूती लावून आत बसवलं होतं, त्यातला एकजण उठून खाली उतरला. मग त्याच्या मागं अजून एक. जॅकेटं काढून ठेवली आणि अप्पांच्या मागं चालू लागले. त्यांचा वास मला आलाच नव्हता, अक्का. माझं नाक तुमच्याएवढं तयार नाही हे कबूल. पण खरं सांगा, तुमच्या नाकातूनही एखादा निसटत असेलच की.

नाव हलकी होऊन निघाली. पाणी शांत होतं. दत्तूनं नावेला नंतर बसवलेलं इंजिन मुद्दाम मंद ठेवलं होतं. मी तुमच्या मागं बसून तुमचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मला वाटत होतं की भांडण मी जिंकले, आणि ते सांगायला तुमच्या कानाशी वाकलेसुद्धा. पण मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या घाटावर मी असं बोलले असते तर लोकांनी मला पाण्यात ढकललं असतं. इथं चौघं आपल्या पायानं उतरले. का उतरले? कारण त्या दगडासमोर एवढ्या वर्षांत कुणाची अब्रू गेली नव्हती. उतरलेला माणूस लिंबाखाली बसायचा आणि दुसऱ्या दिवशी रामराम करत दुकानात यायचा, आणि तुमी त्याला साखर तोलून द्यायच्या. तुमी लोकांना उतरायची सवय लावून ठेवली होती. मी नुसतं बोलले. म्हणजे आता कोण जिंकलं, ते तुमीच सांगा, मला तर हिशेब लागेना.

पलीकडं खड्डा तयार होता. मीठ, बेल, विभूती, सगळं मांडलेलं. स्वामींनी मंत्र सुरू केले, उरकत आणले, आणि उन्हाकडं बघून म्हणाले, आता थांबता येत नाही. मी खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. पाहुणे कुजबुजायला लागले की नंदा चळली. माझा नवरा मला उठवायला आला आणि माझं तोंड बघून परत गेला. दिवस मावळायला फार वेळ नव्हता. तुरीची सावली लांब लांब होत माझ्या पायांवर आली. मी मनात म्हणत होते, अक्का, हा नाही आला तर तुमच्या मुलाला तुमच्यापासून मीच तोडलं असं होईल, आणि ते मला जन्मभर निस्तरायचं नाही. स्वामींनी दुसऱ्यांदा हाक मारली. मी म्हणाले, अजून जरा. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तुमाला माहीतच आहे मला ते किती छान जमतं.

मग बांधावर धूळ उडाली. पिकअप थांबायच्या आत बसूनं उडी मारली आणि कापसातून पळत आला. मागून शंकरअप्पा आणि ते दोघं, धापा टाकत. वाटेत कुठंतरी पंपाखाली डोकं धरलं असावं त्यानं, केस निथळत होते, सदरा पाठीला चिकटला होता. तो सरळ खड्ड्यात उतरला. तुमाला वरून त्याच्या हातांत दिलं. तुमाला मांडीत धरून त्यानं खाली बसवलं, मान सरळ केली, लुगड्याची कड नीट केली, डाव्या हातात लिंग ठेवलं. मग वर बघून माझ्याकडं हात पसरला. विभूती मागत होता, तुमच्या कपाळाला लावायला.

मी वाकले आणि गोळा त्याच्या हातात ठेवला. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वितभर अंतरावर होतं. अक्का, तिथं पाणी नव्हतं. मी हुंगलं नाही.